अनुभव धागा: मराठीच्या तासाला मोबाईल, तुम्ही काय केलं?

राम राम मंडळी. मी यावल तालुक्यात आठवी-नववीला मराठी शिकवतो. मागच्या महिन्यात 'माझे गाव' निबंध घरून लिहून आणायला दिला, तर मोबाईलवरून उतरवलेल्या अकरा पोरांच्या निबंधात गावाशेजारून कृष्णामाई संथ वाहत होती. आमच्याकडे तापी आहे हो, शाळेच्या गच्चीवर चढलं की दिसते. आधी चिडलो, मग हसू आलं, मग वाटलं मोबाईल हातात येऊन इतकी वर्षं झाली पण त्यावरचं वाचायचं कसं, उचलायचं किती, हे आपण कोणत्या तासाला शिकवलं? कॉम्प्युटरचे सर म्हणतात आम्ही पेंट आणि एक्सेल शिकवतो, भाषा तुमची. तर कोणी काय केलं, काय फसलं, मोकळेपणाने लिहा. पालकांनीही लिहा.

केळीबाग
रावेरहून, पालक म्हणून लिहिते. सर, घरात फोन एक. तो दिवसभर यांच्यासोबत मळ्यात नाहीतर केळीच्या वजनकाट्यावर. रात्री नऊला घरी येतो तेव्हा पाच टक्के चार्जिंग. 'कविता चालीत म्हणून व्हिडिओ पाठवा' असा अभ्यास देण्याआधी कोणी विचारतं का?

जामनेरी
आमच्याकडे टायपिंगनेच सुरुवात झाली. सहलीचं वर्णन मोबाईलवर लिहायला दिलं तर अर्ध्या वर्गाने 'सातपुड्याचा दर्या' लिहिला. सातपुड्यात समुद्र! पोरांना दऱ्याच म्हणायचं होतं, पण त्यासाठी नुक्त्याचा ऱ वेगळा घ्यावा लागतो, मग हलन्त, मग य, आणि तो ऱ कीबोर्डात कुठे लपलाय हे शोधण्यात माझाच अर्धा तास गेला. पण 'दर्या' आणि 'दऱ्या' यातला फरक फळ्यावर दहा वर्षं सांगून जेवढा डोक्यात गेला नव्हता तेवढा त्या दिवशी गेला.
बाकी आमच्या प्रश्नपत्रिका अजून जुन्या फॉन्टात टाईप होतात, मोबाईलवर उघडल्या की नुसता एबीसीडीचा काला. युनिकोड (कुठल्याही फोनवर मराठी तशीच दिसते ती पद्धत) म्हणजे काय हे आधी ऑफिसला शिकवावं लागेल.

पांझराकाठ
मी साक्री तालुक्यातली, मराठीचीच. आमच्याकडे हा विषय हसण्यावारी नेता येत नाही. १ जुलै २०१८ ला राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं, मंगळवेढ्याकडची भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती. त्याआधी व्हॉट्सॲपवर तसलेच मेसेज फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, पण पाच-पाच करत गाव पालथा घालायला कितीसा वेळ लागतो.

मी नववीला तसलाच एक मेसेज फळ्यावर लिहिते आणि फक्त व्याकरण विचारते. 'मुले पळवली जात आहेत.' कोण पळवतंय? कर्ता नाही. 'असे समजते.' कोणाला समजतं? परत गायब. नवीन कर्मणी प्रयोग मी पंधरा वर्षं 'रामाकडून आंबा खाल्ला जातो' वर शिकवला, असं घरात कोण बोलतं सांगा, पोरं पाठ करायची आणि परीक्षेनंतर विसरायची. इथे मात्र त्यांना कळलं की हा प्रयोग माणूस लपवायला पण वापरतात. मग आलं 'काल रात्री'. एक मुलगी म्हणे, मॅडम हा 'काल' कधी शिळाच होत नाही, दोन वर्षांनी पाठवला तरी कालच राहील. मला पुढे काही बोलताच आलं नाही. मग 'आपल्या परिसरात', म्हणजे जो वाचेल त्याचा परिसर. आणि शेवटी आज्ञार्थ, 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा'. नाव नाही, तारीख नाही, गाव नाही, तुम्ही काय करायचं तेवढंच स्पष्ट.

फसलेलं पण सांगते. एका पोराने फॅमिली ग्रुपवर लिहिलं 'काका, यात कर्ता कोण?' काकांनी त्यालाच ग्रुपातून काढलं.

जुना_मास्तर
आधी ऱ्हस्व-दीर्घ येऊ द्या, मग मोबाईल. एवढंच म्हणतो. (पांझराकाठ ताई, 'काल' ची गोष्ट मात्र आवडली.)

भरीतपुरी
जळगाव. बहिणाबाई चौधरींच्या नावाने एक कविता आमच्या स्टाफ ग्रुपवर आली, सगळ्यांनी हात जोडले. मी ती आठवीला नेली, म्हटलं खरी का खोटी सांगा. 'टेन्शन' शब्द होता, तो लगेच सापडला. मग मागच्या बाकावरची एक म्हणे, यात आमच्या आजीसारखं मले-तुले कुठंच नाही. झालं! बहिणाबाई १९५१ ला गेल्या, लिहिता येत नव्हतं, मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरींनी ऐकून उतरवून घेतलं म्हणून १९५२ ला पुस्तक आलं, आणि त्यात लेवा बोली आहे. पुस्तक उघडून पाहिलं, ती कविता नव्हतीच.

मग हुरूप आला, म्हटलं आपणही आज्यांच्या ओव्या व्हॉइस टायपिंगने उतरवू. आजी म्हणते 'मले', मोबाईल कधी 'मला' लिहितो कधी 'मळे'. एका पोराने विचारलं, मॅडम सोपानदेवांनी पण असंच केलं असतं तर? शेवटी वहीतच उतरवल्या, मग टाईप केल्या.

सोनगीरवाला
आमनी अहिराणीनं तं इचारूच नका. 'काय शे' (काय आहे) म्हटलं की फोन 'काय शेअर' लिहितो.

धडगाव_वस्ती
रेंज टेकडीवर, शाळा खाली. ऑनलाईन काही नाही, फक्त रेकॉर्डर वापरतो. पोरं घरून पावरी बोलीतली गोष्ट रेकॉर्ड करून आणतात, ब्लूटूथने एकमेकांना देतात, मग देवनागरीत लिहितात. एकच शब्द तिघांनी तीन प्रकारे लिहिला आणि तिघंही बरोबर, त्यावर आमचा दोन तास वाद. तोच खरा भाषेचा तास होता असं मला वाटतं, तपासणीला आलेल्या साहेबांना नाही वाटलं.

अमळनेरकर
आम्ही मराठी विकिपीडियावर गावाचं पान लिहायला घेतलं. पोरांनी 'आमची यात्रा खान्देशात सर्वात मोठी' ठोकून दिलं, कोणीतरी 'संदर्भ हवा' चिकटवून गेलं. वर्ग भडकला, सर आम्ही इथलेच आहोत ना, अजून काय संदर्भ! मग वाचनालयात जुने अंक चाळले, सर्वात मोठी काही निघेना. एक वाक्य आपल्याच हाताने खोडायला त्यांना आठवडा लागला.

यावलवाला (धागाकर्ता)
केळीबाग ताई, चूक मान्य, मीही तसे व्हिडिओ मागवत होतो, ते बंद, आता वर्गातच माझ्या फोनवर घेईन. पांझराकाठ ताई, तुमचा 'काल' उद्याच फळ्यावर नेतो. आणि त्या अकरा जणांना तापीवर घेऊन जातो, वही-पेन घेऊन, फोन माझ्या खिशात.