जुना डॉस ॲडव्हेंचर गेम पुन्हा प्रकाशित करायचाय: डॉसबॉक्स, स्कमव्हीएम की नव्याने लिहायचा?

कर्सरवाला
१९९३ सालचा एक पॉइंट-अँड-क्लिक (माउसने क्लिक करत खेळायचा) ॲडव्हेंचर गेम आजच्या संगणकांसाठी पुन्हा प्रकाशित करायचा आहे. प्रकाशकाचा करार संपून हक्क मूळ लेखकांकडे परत आलेत, तसं लेखी पत्र आहे. सोर्स कोड मात्र कुठेच शिल्लक नाही.

हाताशी आहे ते असं: साडेतीन इंची ६ फ्लॉपींचा संच, नंतर निघालेली संवादांसहची सीडी (पहिला ट्रॅक डेटा, पुढचे संगीताचे) आणि छापील मॅन्युअल. चित्रं ३२० × २००, २५६ रंग. इंजिन (गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम) त्यांचं स्वतःचं होतं की दुसऱ्या कंपनीकडून घेतलेलं, हे लेखकांनाही नीट आठवत नाही.

विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालायला हवं. डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) बसवून द्यावं, स्कमव्हीएम (जुन्या गेमची इंजिनं नव्याने लिहून ते चालवणारा प्रोग्रॅम) वापरावं की इंजिन नव्याने लिहावं? आणि सुरुवात कुठून करायची?

रिसोर्समॅप
आधी इंजिन ओळखा, बाकी सगळं त्यावर ठरतं. सीडीवरच्या फाइलींची नावं बघा. रिसोर्स डॉट मॅप आणि सोबत रिसोर्स डॉट शून्य-शून्य-शून्य किंवा शून्य-शून्य-एक दिसलं तर ते सिएरा कंपनीचं एससीआय इंजिन. एकाच नावाच्या, शेवटी ०००  आणि ००१ असलेल्या दोन फाइली असतील तर लुकासआर्ट्स कंपनीच्या स्कम इंजिनाची शक्यता. तिथे हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट्स जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्रॅम) मजकूर वाचता येत नाही, कारण प्रत्येक बाइट हेक्स ६९ शी एक्सऑर करून (बिट उलटवून) झाकलेला असतो. यातलं काहीच नसेल तरी फोल्डर स्कमव्हीएमच्या 'गेम जोडा' मध्ये देऊन बघा. आता त्यात स्कमच्या पलीकडची अनेक इंजिनं आहेत.

स्कमव्हीएम बहुतेक गेम फाइलीच्या पहिल्या ५,००० बाइट्सच्या एमडी५ चेकसमवरून (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) आणि फाइलच्या आकारावरून ओळखतं. म्हणून डेटा फाइलींमध्ये एका शुद्धलेखनाचीही दुरुस्ती करू नका. बदल त्या पहिल्या भागात पडला किंवा आकार बदलला, की गेम अनोळखी ठरतो. इंजिन ओळखीचं पण तुमची आवृत्ती यादीत नाही, असं झालं तर ते चेकसम दाखवतं; तेवढे त्यांच्या बग ट्रॅकरवर कळवले की नोंद होते.

आधार असेल तर डोळे झाकून स्कमव्हीएम घ्या. डॉसबॉक्स अख्खा जुना संगणक उभा करतं, म्हणजे त्या संगणकाच्या वेगाच्या भानगडीही सोबत येतात. स्कमव्हीएममध्ये इंजिनच आजच्या भाषेत लिहिलेलं असतं, त्यामुळे सेव्ह, आवाजाची पातळी, पूर्ण पडदा हे सगळं सरळ मिळतं. गेमसोबत स्वतंत्र कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल द्या आणि सुरू करतानाच्या कमांडमध्ये तिचा पत्ता लिहा. नाहीतर खेळाडूकडे आधीपासून असलेल्या स्कमव्हीएमच्या सेटिंग्जमध्ये तुमच्या सेटिंग्ज मिसळतात.

दोन्ही प्रोग्रॅम जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहेत. विकायला हरकत नाही. पण परवान्याचा मजकूर सोबत हवा आणि तुम्ही दिलेला बिल्ड (तयार प्रोग्रॅम) ज्या सोर्समधून बनला नेमका तोच सोर्स, तुमच्या बदलांसकट, उपलब्ध करून द्यावा लागतो. तुमचा गेम डेटा वेगळा राहतो, तो खुला करावा लागत नाही. पुढे कन्सोलवर जायचा विचार असेल तर आत्ताच सांगतो, कन्सोल कंपन्यांचे गुप्ततेचे करार आणि जीपीएल यांचं जमत नाही.

सोर्सशिवाय नव्याने लिहिण्याच्या फंदात पडू नका. १९९७च्या ब्लेड रनर गेमचा सोर्स हरवला होता. स्कमव्हीएमच्या लोकांनी एक्झी (गेमच्या तयार प्रोग्रॅमची) फाइल उलगडत कित्येक वर्षं काम केलं, तेव्हा कुठे २०१९ मध्ये तो खेळता आला.

सेक्टर२३५२
इंजिन वगैरे नंतर. आज रात्रीच डिस्कच्या प्रती काढा.

सीडीची नुसती आयएसओ इमेज (डिस्कची फाइलमधली प्रत) काढू नका, तुमच्यासारख्या मिश्र सीडीला हीच चूक सगळ्यात जास्त होते. आयएसओमध्ये फक्त डेटा ट्रॅक येतो, प्रत्येक सेक्टरचे (डिस्कवरच्या छोट्या तुकड्याचे) २,०४८ बाइट्स. संगीत मागेच राहतं आणि गेम मुकाट्याने बिनसंगीताचा चालतो, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. पूर्ण २,३५२ बाइट्सचे सेक्टर वाचून बिन (सगळा डेटा) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशी फाइलींची जोडी काढा. ऑडिओ सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे १,७६,४०० बाइट्स. यावरून ट्रॅकची लांबी फाइलच्या आकाराशी ताडून बघता येते.

क्यू फाइलमधला प्रीगॅप तपासा. डेटा ट्रॅक आणि पहिला ऑडिओ ट्रॅक यांच्यामध्ये साधारण १५० सेक्टर, म्हणजे २ सेकंदांची रिकामी जागा असते. ती चुकून ट्रॅकमध्येच धरली गेली तर संगीत दोन सेकंद उशिरा सुरू होतं. उलट झालं तर पहिली सुरावट कापली जाते. दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर वाचून चेकसम जुळवा. ऑडिओ काही सॅम्पल पुढे-मागे येऊ शकतो, ड्राइव्हचा ऑफसेट (हा ठरावीक फरक) दुरुस्त केला की जुळतो.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी कोपऱ्यातलं छोटं झाकण सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. चकतीवर बुरशीचे पांढरट डाग दिसले तर तशीच वाचू नका. हेडला घाण लागते आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. साध्या यूएसबी ड्राइव्हपेक्षा ग्रीसवीझल किंवा क्रायोफ्लक्स ही फ्लॉपी वाचणारी खास उपकरणं वापरा. त्यांनी चुंबकीय फ्लक्सच नोंदवला जातो, तेव्हा एखादा सेक्टर खराब निघाला तरी फ्लॉपी पुन्हा न फिरवता नंतर वेगळ्या पद्धतीने उलगडता येतो. एका ट्रॅकचे निदान तीन फेरे घ्या. १.४४ एमबीच्या फ्लॉपीची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइट्सची हवी (८० सिलिंडर, २ बाजू, १८ सेक्टर, ५१२ बाइट्स).

मोड_तेरा
रिसोर्समॅप यांच्याशी सहमत. पण इंजिन कुणालाच माहीत नसलेलं निघालं तर डॉसबॉक्सच उरतं, म्हणून त्याबद्दल.

'सायकल्स' (नकली प्रोसेसरच्या वेगाची सेटिंग) ऑटोवर सोडू नका. मूळ डॉसबॉक्स ऑटोमध्ये रिअल मोडच्या (प्रोसेसरची जुनी, साधी पद्धत) गेमला ३,००० देतं आणि प्रोटेक्टेड मोडच्या (नंतरची पद्धत) गेमला असेल तेवढी सगळी ताकद. मग तुमच्या संगणकावर बरोबर चाललेला गेम दुसऱ्याकडे पळत सुटतो. ठरावीक आकडा द्या: ३३ मेगाहर्ट्झच्या ३८६ प्रोसेसरसाठी साधारण ६,०००, ६६ मेगाहर्ट्झच्या ४८६ साठी २५,०००च्या आसपास. तिथून वर-खाली करा. सुरू होतानाच साउंड कार्ड सापडत नाही असं गेम म्हणाला तर पहिला संशय वेगावर घ्या. त्या काळचे काही साउंड ड्रायव्हर रिकामा लूप फिरवून वेळ मोजायचे. प्रोसेसर वेगवान असला की कार्डाचं उत्तर यायच्या आत लूप संपतो. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला गेम 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडतो त्यामागेही वेग मोजणारा लूपच आहे, तिथे भागाकार हाताबाहेर जातो.

आता पडदा. ३२० × २०० चं चित्र त्या काळी ४:३ च्या मॉनिटरवर पसरायचं, म्हणजे पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच. ही दुरुस्ती केली नाही तर सगळी पात्रं बुटकी दिसतात. पण सरसकट दुरुस्तीही करू नका, आधी मोजा. गेममध्ये चंद्र, घड्याळ, नाणं असं काहीतरी गोल शोधा. ते ४८ पिक्सेल रुंद आणि ४० उंच असेल तर चित्रकाराने ४:३ धरून काढलंय. ४८ बाय ४८ असेल तर चित्रं बहुधा दुसऱ्या संगणकावरून आलेली आहेत, अशा वेळी लेखकांना विचारूनच ठरवा.

१६०० × १२०० ला आडवे ५ पट आणि उभे ६ पट असा पूर्णांकी हिशोब बसतो. १०८० ओळींच्या पडद्यावर मात्र १४४० × १०८० होतं, म्हणजे ४.५ आणि ५.४ पट. नुसतं जवळच्या पिक्सेलने मोठं केलं तर काही पिक्सेल ४ रुंद, काही ५, आणि पात्र चालताना त्याचा चेहरा थरथरतो. आधी पूर्णांकी पटीत मोठं करून मग हलक्या फिल्टरने खाली आणा. चित्र धारदार राहतं आणि थरथरही जाते.

कर्सरवाला
फारच उपयोगी. सीडीची इमेज दोन ड्राइव्हवर काढली, ऑफसेट धरून जुळली. फोल्डर स्कमव्हीएमला दिलं, इंजिन ओळखलं, फक्त ही आवृत्ती यादीत नाही. चेकसम कळवतोय.

आणखी तीन गोष्टी. फ्लॉपी आवृत्तीत रोलँड एमटी-३२ चं (संगीत वाजवणारं जुनं यंत्र) संगीत आहे, ते पर्याय म्हणून देता येईल का? पार्श्वभूमीची चित्रं एआयने चौपट मोठी करावीत असं एकाचं म्हणणं आहे. आणि गेम सुरू होताना मॅन्युअलमधला शब्द विचारतो, ते काढून टाकावं का?

तिसरा_चॅनल
एमटी-३२ ची वाद्यं आणि जनरल मिडीची (वाद्यक्रमांकांचं सर्वसाधारण मानक) वाद्यं यांचे क्रमांक वेगळे. ते संगीत विंडोजच्या साध्या सिंथवर (सूर तयार करणाऱ्या प्रोग्रॅमवर) वाजवलं तर बासरीच्या जागी भलतंच काही येतं. शिवाय अनेक गेम सुरुवातीलाच सिसेक्स (यंत्राला दिलेल्या खास सूचना) संदेश पाठवून स्वतःची वाद्यं त्या यंत्रात भरायचे, ती दुसऱ्या कुठल्याच सिंथवर मिळत नाहीत.

मंट हा एमटी-३२ ची नक्कल करणारा एम्युलेटर उत्तम आहे, स्कमव्हीएममध्ये तो असतोच. पण त्याला लागणाऱ्या दोन रॉम (यंत्रातल्या चिपमधल्या डेटाच्या) फाइली रोलँडच्या मालकीच्या आहेत, त्या गेमसोबत देता येणार नाहीत. ज्याच्याकडे रॉम आहेत त्याच्यासाठी पर्याय उघडा ठेवा. सगळ्यांना द्यायचं तर खऱ्या यंत्रावरून रेकॉर्ड करून ऑग या ऑडिओ फाइल प्रकारात द्या. मात्र प्रसंग बदलताच धून मध्येच वळत असेल तर रेकॉर्डिंगमध्ये ते सांधे तुटतात. तिथे रेकॉर्डिंग नको. संवादांच्या फाइली पुन्हा कॉम्प्रेस करू नका, त्या आधीच ८ बिटच्या आहेत. जागा वाचवायचीच असेल तर फ्लॅक (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार).

मोड_तेरा
एआयने चौपट करायला माझा ठाम विरोध. २५६ रंगांत छटा दाखवायला चित्रकार दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून ठेवायचे. एआय त्या ठिपक्यांना पोत समजून भिंतीवर नसलेलं विणकाम काढतो. चेहरे तर ८-१० पिक्सेलचे, तिथे तो चक्क नवा माणूस बनवतो.

तांत्रिक अडचण त्याहून मोठी. पात्र खांबामागे गेलं की किती झाकायचं हे एका वेगळ्या मास्कवरून ठरतं, आणि तो मास्क ३२० × २०० चाच असतो. पार्श्वभूमी चौपट केली की खांबाची कड गुळगुळीत होते, पण पात्र मात्र जुन्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कडेने कापलं जातं. दर दृश्याचा मास्क हाताने पुन्हा काढावा लागेल, एकूणएक स्प्राइटही (पात्रांची हलणारी चित्रं).

नवी चित्रं हवीच असतील तर चित्रकाराकडून काढून घ्या आणि मूळ रूप एका कळीवर ठेवा. २००९च्या मंकी आयलंड स्पेशल एडिशनमध्ये एफ१० दाबलं की खेळता खेळता जुनं रूप समोर यायचं. मूळ आवृत्ती विक्रीतून काढून फक्त नवी ठेवण्याचा प्रकार २०२२ मध्ये ब्लेड रनरच्या बाबतीत झाला. लोक इतके नाराज झाले की जुनी परत आणावी लागली.

रिसोर्समॅप
मॅन्युअलच्या प्रश्नाबद्दल. स्कमव्हीएम काही गेममध्ये ती तपासणी आपोआप ओलांडतं, तुमच्यात होतं का बघा. होत नसेल तर एक्झी फाइलला हात लावू नका, मॅन्युअल स्कॅन करून द्या. ३०० डीपीआय पुरे, अक्षरांची ओळख करून मजकूर शोधता येईल असं ठेवा. प्रश्न 'पान १४, ओळ ३, शब्द ५' अशा धर्तीचा असेल तर पीडीएफमधलं १४ वं पान आणि छापील १४ वं पान एकच आलं पाहिजे. मुखपृष्ठ आणि कोरी पानं धरली की आकडा दोन-तीनने सरकतो आणि खेळाडू पहिल्याच पडद्यावर अडकतो. पीडीएफमध्ये पानांना वेगळी लेबलं देता येतात, पण प्रत्येक वाचक प्रोग्रॅम ती दाखवेल याची खात्री नाही. त्यामुळे मुखपृष्ठाची वेगळी फाइल करा आणि मुख्य फाइल छापील पान १ पासून सुरू करा.

सेव्ह गेमच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. विंडोजवर प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायची परवानगी नसते, आणि मॅकवर ॲप बंडलच्या आत लिहिलं की डिजिटल सही मोडते. दोन्हीकडे खेळाडूच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जागा करा, आणि चाचणीसाठी एक असं यूजर खातं बनवा ज्याच्या नावात देवनागरी किंवा जपानी अक्षरं आहेत. मार्गामध्ये अशी अक्षरं आली की जुनी इन्स्टॉलर स्क्रिप्ट बऱ्याचदा तिथेच फसते.

हक्कांचं पत्र पुन्हा एकदा वाचा. गेमचे हक्क परत आले म्हणजे संगीतकाराचे, आवाज देणाऱ्या कलाकारांचे आणि गेमच्या नावाच्या ट्रेडमार्कचे आले असं नाही. कलाकारांच्या करारात 'फ्लॉपी आणि सीडी' एवढंच माध्यम लिहिलेलं असेल तर डाउनलोडसाठी नवी लेखी परवानगी घ्यावी लागेल. सीडीवरच्या श्रेयनामावलीतली नावं एकेक करून करारांशी जुळवा. इंजिन बाहेरचं असेल तर त्याच्या मालकाचाही करार त्या यादीत धरा.

कर्सरवाला
संवादांच्या करारात माध्यमाचा उल्लेख आहे का, हे लेखकांना आजच विचारतो. चेकसमची नोंद झाली की तिन्ही सिस्टिमवरच्या चाचणीचे निकाल इथेच टाकेन.