प्रोग्रेसिव्ह मेटलचे सोलो: नुसती बोटांची कसरत की आणखी काही?

सप्ततंत्री (धागाकर्ता)

काडी टाकतोय, सांभाळून घ्या.

हल्ली प्रोग्रेसिव्ह मेटलचा (गुंतागुंतीच्या रचनांच्या हेवी मेटलचा) नवा अल्बम लावला की सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) सुरू होताच माझं लक्ष उडतं. पूर्वी नेमकं उलट व्हायचं. ड्रीम थिएटर बँडच्या 'इमेजेस अँड वर्ड्स'वरचं (१९९२) 'अंडर अ ग्लास मून' घ्या. तो सोलो अवघड आहेच, भल्याभल्यांचा घाम काढतो. पण त्यांचा गिटारवादक जॉन पेट्रुची तिथे एका जागी ठरत नाही. व्हॅमी बार (सूर खालीवर करणारा दांडा) ओढतो, मध्येच ब्लूजचा तुकडा टाकतो, मग पळतो. पळणं हा त्यातला एक रंग आहे. आता पळणं हाच कॅनव्हास झालाय.

हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, मला यात साधं यंत्रशास्त्र दिसतं. मिनिटाला २०० ठोके आणि प्रत्येक ठोक्यात चार सूर धरले तर सेकंदाला १३हून जास्त सूर होतात. एवढ्या वेगात पिक (तार छेडायची छोटी पट्टी) तारेवरून अगदी केसभर हलवावं लागतं. एखाद्या सुरावर जोर द्यायचा तर हात जरा मोठा हलायला हवा, आणि तेवढा वेळच नसतो. म्हणून सगळे सूर एकाच वजनाचे निघतात. त्यात हाय गेन डिस्टॉर्शन, म्हणजे ॲम्पचा तो फाटका, भरडा आवाज. ते हळू आणि जोरात वाजवलेल्या सुरांमधला फरक आधीच दाबून टाकतं. वर क्लिक ट्रॅक (कानात वाजणारे यंत्राचे ठोके) आणि कॉम्प्युटरवर एकेक सूर जागच्या जागी सरकवणं आलंच. म्हणजे लहानमोठं गेलं, मागेपुढे गेलं. राहिला फक्त सूर, आणि पळत्या ओळीत तो हलवायला, थरथरवायला सवड नाही. मग भावना नेमकी कुठे बसवणार?

कौशल्याला विरोध नाही. त्याची पळवाट केली जाते, त्याला आहे.

ऑडमीटर

असहमत, आणि जोरात असहमत.

'फील' नावाचा हा जो प्रकार आहे, त्याची व्याख्या कुणी विचारली की लोक हळूहळू एखादं मायनर पेंटाटॉनिक (पाच सुरांचं उदास स्केल) वाजवून डोळे मिटतात. भावना म्हणजे फक्त डोळ्यांत पाणी का? घुसमट, दहशत, संताप, चक्कर येणं, या भावना नाहीत?

मेशुगा बँडचं 'ब्लीड' (२००८, 'ऑबझेन') लावा. गिटार आणि डबल बास ड्रम एकाच ठोक्यांच्या साखळीत सात मिनिटांहून जास्त जखडलेले आहेत. त्यांच्या टोमास हाकेसारख्या ड्रमरला ते जमवायला वाजवण्याची पद्धत नव्याने बसवावी लागली होती. त्यात गुणगुणण्यासारखं काही नाही. पण ते ऐकताना जबडा आवळला जातो की नाही? सगळे सूर एका वजनाचे असणं ही तुम्ही उणीव म्हणून सांगताय. तिथे तोच तर परिणाम आहे. दया न दाखवणारं काहीतरी अंगावर चालून येतंय. मधूनच एका सुरावर लाडाने जोर दिला असता तर हसू आलं असतं.

खर्जातला

धागाकर्त्याला +१.

ओपेथ बँडचं 'बर्डन' ('वॉटरशेड', २००८) शेवटपर्यंत ऐकलंय का? गाणं संपल्यावर अकूस्टिक गिटारवर एक साधा आकृतिबंध चालू राहतो, आणि तो चालू असतानाच गिटारच्या खुंट्या सैल केल्या जातात. हात तेच वाजवतोय, पण सूर एकेक करून नासत जातात. बोटांचं कसब म्हणाल तर तिथे काहीच नाही, शिकाऊ पोरगाही वाजवेल. पण गाण्याच्या नावातलं ओझं त्या नासलेल्या सुरांत जेवढं आहे, तेवढं शंभर स्वीपमध्ये (एका झटक्यात सगळ्या तारांवरून पिक ओढण्यात) येणार नाही.

ऑडमीटर

@खर्जातला, तो शेवट एवढा का लागतो? कारण त्याआधी अख्खं गाणं होऊन गेलंय. ऑर्गनचा सोलो आहे, मग दोन गिटारींची लीड एकमेकींना उत्तरं देत चढत जातात, सगळं सुरात, सगळं सफाईने. ती सफाई नसती तर नासण्यासारखं काही उरलंच नसतं. नुसतं बेसूर गिटार कुणीही वाजवतं, त्याने कुणाला काही होत नाही.

निवांत श्रोता

मला गिटार वाजवता येत नाही, शिकायचंही नाही. म्हणून हे बोलायचं धाडस करतो.

तुमच्या दोन्ही बाजूंमध्ये मला एकच गोष्ट दिसते. तुम्ही सगळे हातांनी ऐकता. ड्रीम थिएटरच्या 'द डान्स ऑफ इटर्निटी'बद्दल ('सीन्स फ्रॉम अ मेमरी', १९९९) जिथे वाचावं तिथे तालाचं माप शंभरहून जास्त वेळा बदलतं हेच छापलेलं असतं. मी ते ऐकताना कधी मोजलं नाही. मला ती एक वेडी जत्रा वाटते, आणि मध्येच त्यांच्या कीबोर्डवाल्या जॉर्डन रुडेसचा तो जुन्या वळणाचा रॅगटाइम पियानो येतो तेव्हा मी दर वेळी हसतो. हसणं भावनेत धरता ना? की त्यालाही मायनर स्केल लागतं?

सोलो सुरू झाल्यावर लक्ष उडतं ही तक्रार मी वाजवणाऱ्यांकडूनच जास्त ऐकलीय.

सप्ततंत्री

@निवांत श्रोता, हसणं धरलं. पण तुम्ही उदाहरण दिलंत ते पियानोचं. त्या सहा मिनिटांत तुम्हाला गिटारचं काय आठवतं?

निवांत श्रोता

प्रामाणिकपणे, फारसं नाही. बासही आठवतो. ही तुमच्या बाजूची साक्ष समजू नका.

पाम म्यूट

कौशल्य एका ताटात आणि भावना दुसऱ्या ताटात, अशी वाढणीच मला पटत नाही. जरा बारीक बघू.

दुसरी तार, पंधरावा फ्रेट (गिटारच्या मानेवरचा कप्पा), एक पूर्ण स्वर वर बेंड. तीन बोटं एकामागे एक लावून तार वर ढकलायची. यात किती निर्णय आहेत बघा. तार किती वेळात वर पोचते? लगेच पोचली तर किंकाळी, रेंगाळत पोचली तर कण्हणं. नेमक्या सुरावर थांबते की जरा अलीकडे? अलीकडे थांबली आणि मग सावकाश पूर्ण झाली तर ऐकणाऱ्याचा श्वास तिथे अडकतो. पोचल्यावर व्हायब्रेटो (सुराची थरथर) लगेच द्यायचा की सूर आधी कोरा ठेवायचा? व्हायब्रेटो रुंद की अरुंद, गाण्याच्या लयीत की लय सोडून? उतरताना आवाज ऐकू द्यायचा की तार आधीच दाबून टाकायची? ज्याला तुम्ही सगळे 'आतून आलं' म्हणता ते हे आहे. आणि हे सगळं स्नायूंना शिकवावं लागतं. बोटांत ताकद नसेल तर बेंड सुराच्या खाली राहतो आणि तुमची सगळी आर्तता बेसूर होते.

आता खरं उदाहरण. ड्रीम थिएटरचंच 'द बेस्ट ऑफ टाइम्स' ('ब्लॅक क्लाउड्स अँड सिल्व्हर लायनिंग्ज', २००९). शब्द ड्रमर माइक पोर्टनॉयचे, त्याच्या वडिलांसाठी लिहिलेले. ते त्याच वर्षी कॅन्सरने गेले. शेवटचा लांबलचक सोलो, जो ऐकून लोक रडतात, तो पेट्रुचीचा. म्हणजे दुःख एकाचं आणि बोटं दुसऱ्याची. त्यातही पळत्या ओळी आहेतच, पण त्या लांब ताणलेल्या सुरांच्या मधल्या फटींत येतात आणि पुढच्या ताणलेल्या सुरावर नेऊन सोडतात. मित्राच्या घरातलं दुःख त्याने एवढं नेमकं वाजवलं ते कशाच्या जोरावर? याच माणसाने 'रॉक डिसिप्लिन' नावाचा अख्खा व्हिडिओ नुसत्या व्यायामांवर काढला होता. तो व्यायाम आणि हा सोलो वेगळ्या हातांनी केलेला नाही.

सप्ततंत्री

@पाम म्यूट, बेंडबद्दल लिहिलंत ते फ्रेम करून ठेवावं असं आहे. पण तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. तुम्ही वर्णन केलंत ते कसब हल्ली कुणी कसब म्हणून मोजतच नाही. तीस सेकंदांच्या व्हिडिओत काय दाखवतात? कोपऱ्यात टेम्पोचा आकडा. 'मी हा बेंड दोन आठवडे घासला' असं दाखवणारा व्हिडिओ मला दाखवा. आणि त्या तीस सेकंदांत सोलोच्या आधी काही नसतं, नंतर काही नसतं. तुमच्याच उदाहरणात सोलो तेरा मिनिटांच्या गाण्याच्या टोकाला येतो, म्हणून तो लागतो.

ऑडमीटर यांच्या 'ब्लीड'बद्दल: ती रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा आकृतिबंध) आहे. मी सोलोबद्दल बोलतोय. रिफने यंत्रासारखं असायला माझी हरकत नाही.

गेनवाला

रेकॉर्डिंगच्या बाजूने चार शब्द. वाजवणाऱ्यांना फार शिव्या घालू नका. मी ज्या टेक (एका दमात रेकॉर्ड केलेले तुकडे) हातात घेतो त्यांत बरेचदा जीव असतो. एखादा सूर किंचित मागे पडलेला, एखाद्यावर पिक जरा तिरकं लागून चीत्कार निघालेला. मग बँडमधलाच कुणीतरी म्हणतो, हे सरळ कर. सरळ केलं की पुढचं वाकडं दिसायला लागतं. शेवटी सगळं ग्रिडवर (स्क्रीनवरच्या ठोक्यांच्या रेषांवर) जातं. दिसायला लागतं हा शब्द मुद्दाम वापरला, कारण तोवर सगळे स्क्रीनकडे बघत असतात.

गेनबद्दल धागाकर्त्याचं बरोबर आहे, फक्त उपाय साधा आहे. गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणा आणि तोच सोलो वाजवा. डिस्टॉर्शन पातळ होतं, उजवा हात उघडा पडतो. कुणाच्या हातात काय आहे ते तिथेच कळतं.

ताल_चुकला

गिटारवादक जेसन बेकरचं नाव अजून कसं आलं नाही? १९८८च्या 'पर्पेच्युअल बर्न'वरचं 'ऑल्टिट्यूड्स' ऐका. स्वीप आर्पेजिओंचा (कॉर्डचे सूर सुटे करून वाजवलेल्या ओळींचा) धबधबा, आणि तरी गळा दाटतो. तेव्हा तो विशीतही नव्हता. पुढे एएलएसने (स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने) हात गेले, आवाज गेला. वडिलांनी बसवलेल्या पद्धतीने डोळ्यांच्या हालचालींवरून एकेक अक्षर सांगत तो अजूनही संगीत रचतो. २०१८च्या 'ट्रायम्फंट हार्ट्स'मध्ये वाजवायला इतर गिटारवादक आले. हातच नाहीत, तर कसबाचं काय घेऊन बसलात?

खर्जातला

तो निओक्लासिकल (पाश्चात्त्य शास्त्रीय वळणाचा मेटल). प्रोग्रेसिव्ह नव्हे. (कुणीतरी म्हणणारच होतं, म्हटलं आपणच म्हणावं.)

पाम म्यूट

@ताल_चुकला, उदाहरण चांगलं आहे पण त्याचा अर्थ उलटा लागतो. दुसऱ्यांनी वाजवलं ना? त्याने सुचवलेला सूर प्रत्येकाच्या बोटांतून वेगळा निघतो. व्हायब्रेटो रचनेत लिहून देता येत नाही. हात लागतातच.

सप्ततंत्री

इथे मी ताल_चुकला यांच्या बाजूने. हात लागतात, पण कोणता सूर आणि कधी, हे आधी ठरतं. माझी तक्रार त्याच जागी आहे. आजच्या बऱ्याच सोलोंमध्ये हे ठरवलेलंच नसतं. हाताला जे सवयीचं आहे ते येतं, तेही पहिल्या बारपासून (आवर्तनापासून) पूर्ण वेगात. गिटारवादक गथ्री गोव्हनचा 'ड्राइव्ह होम'मधला सोलो घ्या. (स्टीव्हन विल्सनचा २०१३चा अल्बम, मेटल नाही, माहीत आहे, खर्जातला.) ज्याला गिटारवर जवळजवळ काहीही वाजवता येतं तो माणूस तिथे हळू सुरू करतो, जागा सोडतो, आणि वेग आणतो तो गाण्याने मागितल्यावर.

ऑडमीटर

गोव्हन प्रत्येक वादात दोन्ही बाजूंनी साक्षीला येतो, त्या बिचाऱ्याला भत्ता द्या.

मूळ यंत्रशास्त्राकडे येऊ. वेग आला की लहानमोठं जातं, असं तुमचं म्हणणं. तोसिन आबासीचं थंपिंग पाहिलंय? अ‍ॅनिमल्स ॲज लीडर्स या बँडमध्ये तो आठतारी गिटारवर बासवाल्यांसारखा अंगठा मारतो, वर येतानाही त्याच अंगठ्याने तार खेचतो, मध्ये बोटाने उडवतो. टोनही बरेचदा पातळ ठेवतो. त्यामुळे प्रत्येक सुराला टोला आहे, काही सूर धप्पकन बसतात, काही नुसते चाटून जातात. पिकच्या वेगाने जे गेलं असं तुम्ही म्हणता, ते त्याने नवं तंत्र काढून परत आणलं. भावपूर्ण व्हायचंय म्हणून वेग सोडला नाही. आणखी तांत्रिक झाला.

सप्ततंत्री

आबासी मान्य. तो माझ्या यादीत कधीच नव्हता. यादीत आहे ती त्याच्या मागून आलेली रांग. त्यांनी अंगठा घेतला, चाटून जाणारे सूर घेतले नाहीत. दुसरं नाव सांगा.

ऑडमीटर

मेशुगाचा गिटारवादक फ्रेड्रिक थॉर्डेंडाल. आणि आता रिफ नाही, सोलोच.

सप्ततंत्री

त्याचे सोलो तर गुळगुळीत लेगाटो (सूर न तोडता जोडून वाजवलेले) आहेत, सरळ जॅझ-फ्यूजनवाल्या ॲलन होल्ड्सवर्थच्या वळणावरचे. सगळे सूर एका पातळीत.

ऑडमीटर

हो ना. खाली चाललेल्या आठतारी गिटारींच्या दळणावरून तो गुळगुळीत आवाज कुठल्याशा परक्या प्राण्यासारखा सरपटत जातो. पिकने टोचून वाजवला असता तर रिफमध्येच विरघळला असता. एका पातळीत ठेवलाय तो मुद्दाम.

सप्ततंत्री

मुद्दाम असेल तर माझी हरकत नाही.

पाम म्यूट

मुद्दाम आहे की सवयीने आलंय, हे तुम्ही ऐकून कसं ओळखता?

सप्ततंत्री

सोलोच्या आधीचे आणि नंतरचे आठ बार ऐकून. सोलो उचलून दुसऱ्या गाण्यात टाकला आणि कुणाला पत्ता लागला नाही, तर सवयीचा.

गेनवाला

हे मी एकदा खरंच केलंय. कुणाच्या अल्बमवर ते विचारू नका.