मदत हवी आहे: टॅंटलम कपॅसिटर कॅमेऱ्याला ओळखता येत नाहीत

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत आमचा छोटा ई-कचऱ्याचा गाळा आहे. जुन्या मदरबोर्डवरचे पिवळे टॅंटलम कपॅसिटर (टॅंटलम धातू असलेले, वीज साठवणारे छोटे भाग) रोबोटच्या हाताने उचलायचे आहेत. घोळ असा की फिल्म कपॅसिटरही (प्लास्टिक फिल्मचे) पिवळेच, आणि कॅमेऱ्यामागचं योलो मॉडेल (फोटोतून वस्तू ओळखणारं एआय) दोन्ही एकच समजतं. खरी खूण म्हणजे टॅंटलमवरची धन टोकाची पट्टी, पण फ्लक्सच्या (सोल्डरिंगनंतर बोर्डवर उरलेल्या चिकट थराच्या) चकाकीत ती दिसतच नाही. योलोला १२०० फोटो शिकवले, रिंग लाइटवर बटर पेपरही लावून पाहिला (जुगाडच!), फरक नाही. बोर्ड धुवायचे नाहीत, बोर्ड वाहून नेणारा कन्व्हेयर पट्टा थांबवायचा नाही, एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र) परवडत नाही. लाइट आणि लेन्स दोन्हींवर पोलरायझर (चकाकी कमी करणारे फिल्टर) लावले तर पट्टी दिसेल, की तिरका लाइट बरा? कुणी करून पाहिलंय का?