‘बॉक्सिंग डे’ला मराठीत काय म्हणावं?

गवतीचहा: ब्रिटिश राजघराण्याच्या नाताळावरचा एक लेख मराठीत करतेय. दोन ठिकाणी गाडी अडली. एक, बॉक्सिंग डे. मेलबर्नच्या कसोटीमुळे शब्द सगळ्यांना पाठ, पण अर्थ विचारला की निम्मे लोक ठोसे दाखवतात. (माझा भाचा त्यातलाच.) दुसरं, २५ डिसेंबरला दुपारी राजा टीव्हीवर बोलतो ते. ‘राजाचं भाषण’ लिहिलं, पण मन मानत नाही.

टाकसाळ: ठोशांचा संबंध नाही. बॉक्स म्हणजे डबाच. कॉटग्रेव्हच्या १६११ च्या फ्रेंच-इंग्रजी कोशात ‘ख्रिसमस बॉक्स’ आहे: वर चीर असलेला डबा, त्यात हाताखालची शिकाऊ पोरं पैसे जमवत. आपला मातीचा गल्ला असतो ना, फोडल्याशिवाय आणे हाती न लागणारा, तसाच. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स १९ डिसेंबर १६६३ च्या रोजनिशीत लिहितो की जोडेवाल्याकडे गेलो, सगळी उधारी चुकवली आणि पोरांच्या डब्यात नाताळचं काहीतरी टाकलं. पाच वर्षांनी तोच गृहस्थ कुरकुरतो, या डब्यांपायी यंदा फार पैसे गेले! पुढे डबा गेला आणि नाव पैशांनाच चिकटलं. याला आपल्याकडे तयार शब्द आहे: पोस्त, म्हणजे सणाची बक्षिशी.

गवतीचहा: अगदी! दिवाळीत पोस्टमन पत्र देऊनही जिना उतरत नाही, ती पोस्त. मग ‘पोस्तीचा दिवस’ लिहू?

सुपारी_कातरी: नका लिहू. २६ डिसेंबर ही तिथे १८७१ च्या कायद्याने ठरलेली बँकेची सुट्टी आहे, म्हणजे ते विशेषनाम झालं. ‘बॉक्सिंग डे’ तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘नाताळची पोस्त देण्याचा दिवस’ असं एकदा सांगून मोकळ्या व्हा.

गवतीचहा: पण लेखात पुढे आहे की एलिझाबेथ राणी नोकरवर्गाला नाताळात पुडिंग वाटायची, दीडेक हजार. प्रथा आजोबांपासूनची, पाचव्या जॉर्जपासूनची. ही राजाकडची पोस्तच ना?

टाकसाळ: इथे मी हात आखडता घेईन. पोस्त मागून मिळते, निदान दारात घुटमळून. पुडिंग न मागता येतं, तेही सगळ्यांना सारखं. हापिसात दिवाळीला मिठाईचा पुडा मिळतो त्याला आपण पोस्त म्हणत नाही. ‘भेट’ लिहा.

सुपारी_कातरी: आता भाषण. इंग्रज ‘किंग्ज स्पीच’ दोन्हीला म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो. संसदेचं अधिवेशन उघडताना राजा वाचतो ते सरकारने लिहून दिलेलं. आपल्याकडे राष्ट्रपती करतात ते ‘अभिभाषण’, तोच शब्द तिथे चपखल. नाताळचं मात्र ‘संदेश’. ते सरकारच्या सल्ल्याचं नसतं. १९३२ साली पाचवा जॉर्ज सँडरिंगहॅमच्या घरातून रेडिओवर पहिल्यांदा बोलला. दुपारी तीनच्या सुमाराची वेळ यासाठी निवडली की लघुलहरींवरून साम्राज्यातल्या जास्तीत जास्त देशांत ऐकू जावं. शब्द मात्र लिहिले होते रुडयार्ड किपलिंगने, म्हणजे आपल्या मुंबईत जन्मलेल्या माणसाने. टीव्हीवर तो संदेश १९५७ पासून.

वसईकर: एक विनंती. लेखभर ‘ख्रिसमस’ करू नका, ‘नाताळ’च बरा. तो पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला, अर्थ जन्माचा. आणि इंग्रज राजांच्या लेखात तो उपराही नाही. १६४७ मध्ये तिथल्या संसदेने नाताळ बंद पाडला होता, दुसऱ्या चार्ल्सबरोबर १६६० मध्ये तो राजरोस परतला. त्याच चार्ल्सने पोर्तुगालची कॅथरीन केली आणि आंदणात मुंबई घेतली. पीप्सने डब्यात पैसे टाकले त्या डिसेंबरात इंग्लंडच्या राणीच्या तोंडी ‘नाताल’च असणार.

टाकसाळ: वा! हे डोक्यातच आलं नव्हतं.

गवतीचहा: ठरलं. बॉक्सिंग डे तसाच, डब्याला पोस्त, पुडिंगला भेट, तीन वाजता संदेश, आणि सगळीकडे नाताळ. आता शेवटची पीडा: पोस्त ‘दिली’ की ‘दिलं’? मी ‘दिली’ म्हणते, आजी शिमग्याचं पोस्त ‘दिलं’ म्हणायची.

वसईकर: आमच्याकडे ‘दिली’.

सुपारी_कातरी: आमच्याकडे ‘दिलं’. आजीला विचारलं असतं तर दोन रुपये जास्त मिळाले असते.