करोली घाटाने चढून भंडारदऱ्याच्या पाण्यावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी सांदण उतरून परत : नियोजन तपासून हवे

पायवाट_ठाणे

नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारचा बेत असा आहे. शनिवारी पहाटे आसनगाव स्टेशन, तिथून जीपने डोळखांबमार्गे डेहणे, करोली घाटाने वर साम्रद गाव आणि संध्याकाळी भंडारदरा जलाशयाच्या काठी तंबू. रविवारी सकाळी सांदण दरी उतरून पुन्हा डेहणे. आम्ही पाच जण आहोत. दोघांना रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) नीट येतं, तिघांचे डोंगर बरेच झालेत पण दोराला हात लावलेला नाही. 30 मीटरचा एक दोर आहे.

1. दिशा बरोबर आहे की उलटी करावी?
2. 30 मीटर दोर पुरेल का?
3. दरीतल्या पाण्यातून सॅक कोरडी कशी न्यायची?
4. वेळ उरला तर चोंढ्याच्या धरणात डुबकी मारून घरी जावं असं घाटतंय. जमेल का?

घसारा

दिशा बरोबर आहे. गाडी एकीकडे आणि आपण दुसरीकडे हा घोळ होत नाही, जीप डेहण्याला सोडते आणि डेहण्यालाच घेते. तोटा एकच, दोर आणि लोखंड साधारण सहाशे मीटर चढवायचं तुमच्याच खांद्यावर.

घाट पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सावली आणि दुपारी बारानंतर ऊन थेट अंगावर. डेहण्यातून साडेसातला निघालात तर पायथ्यापर्यंतची ढोरवाटांची गुंतागुंत दीड-दोन तास खाते. माणसं चुकतात ती इथेच, वर घाटात नाही. कोरड्या ओढ्यातून चालायला मोकळं वाटतं म्हणून पुढे जात राहतात आणि घाटाची वाट जिथे ओढा सोडते तो फाटा मागे राहतो. गावातला वाटाड्या घ्या, निदान पायथ्यापर्यंत. पुढे अडीच-तीन तासांचा चढ. मध्ये थोडा कातळ आहे, हात लावावा लागतो, पण दोराची गरज नाही. माणशी 4 लीटर पाणी डेहण्यातूनच भरून घ्या, वाटेतल्या पाण्यावर भिस्त नको.

रविवारचं गणित मात्र उलटं मांडायचं. जानेवारीत सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो, पण दरीच्या तळाशी अंधार त्याच्या बराच आधी येतो. दरीच्या पायथ्यापासून डेहणे दोन-अडीच तास, म्हणजे साडेतीनला पायथा सोडायलाच हवा. दोराने उतरायच्या शेवटच्या टप्प्यापासून पायथ्यापर्यंत दीड-दोन तास नुसते धोंडे. म्हणजे दीडच्या सुमारास सगळे दोराचे टप्पे संपलेले हवेत. पाच जणांना तीन टप्पे उतरायला दोर लावणं-काढणं धरून दोन तास. साडेअकराला पहिल्या टप्प्यावर पोचायचं तर साडेआठच्या आत दरीच्या तोंडाशी हवेत आणि त्यासाठी काठावरचा तंबू साडेसहाला गुंडाळलेला हवा. सुट्टीच्या दिवशी पहिल्या टप्प्यावर मोठे गट असतात. पुढे वीस जणांची रांग असेल तर तिथेच दोन तास जातात, म्हणून याहूनही लवकर निघालात तर उत्तम.

पहिला दोर ओढून घेतला की मागे फिरता येत नाही. ज्याचं मन डळमळीत आहे त्याने ते तिथे वरच, दोर ओढायच्या आधी, सांगावं. कुणा एकासोबत साम्रदला परत जायचं आणि गावातून गाडी करायची.

दोरखंड

30 मीटर नको. पहिला टप्पा साधारण 45 फूट, म्हणजे जवळपास 14 मीटर. दुहेरी टाकला की 28 झाले. बोल्ट (दोर अडकवायला कातळात ठोकलेले खिळे) कड्यापासून थोडे आत असतात, टोकाला गाठी मारायच्या असतात. हाताशी काहीच उरत नाही. 40 मीटरचा, 10.5 मिमीचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर घ्या. कोरडा असताना पावणेतीन-तीन किलो भरेल, पाण्यातून गेला की जास्त. पुढचे टप्पे 15-20 फुटांचे आहेत, पण तिथेही दोर लावाच. दमलेला माणूस लहान टप्प्यावरच निष्काळजी होतो.

पाचही जणांना हार्नेस (कमरेचा पट्टा), हेल्मेट, डिसेंडर (दोरावरून सावकाश उतरायचं साधन), स्क्रूगेट कॅरॅबिनर (स्क्रूने बंद होणारी कडी). शिवाय 120 सेंमीच्या चार स्लिंग (शिवलेल्या पट्ट्यांचे फास) आणि प्रुसिकसाठी (भार आला की दोरावर आवळणारी गाठ) 6 मिमीची दोरी.

बोल्टला आधी कुणीतरी बांधून ठेवलेल्या रंग उडालेल्या पट्ट्या असतात. त्यांच्यावर लटकायचं नाही, आपली स्लिंग लावायची. एकाच बोल्टवर भार नको. दोन बोल्टना स्लिंग घालून भार वाटून घ्या, दोन दोऱ्यांमधला कोन 60 अंशांच्या आत ठेवा. कोन जितका पसरट तितका प्रत्येक बोल्टवर ताण वाढतो. दोर शेवटी ओढून काढायचा तर एक स्लिंग आणि एक जुनं कॅरॅबिनर किंवा कडी मागे सोडायची तयारी ठेवा. दोर थेट स्लिंगमधून ओवून ओढलात तर नायलॉनवर नायलॉन घासून स्लिंग कापली जाते, पुढच्या गटाला ते दिसतही नाही.

तुमच्यातला एक जाणता प्रथम उतरेल, दुसरा शेवटी. मध्ये तिघे नवखे. पहिला खाली पोचला की दगड पडतील त्या रेषेतून बाजूला उभा राहून दोराची दोन्ही टोकं सैल धरेल. वरच्याचा हात सुटला तर खाली जोरात ओढायचं, डिसेंडर जागीच थांबतो. शेवटच्याला हा आधार आहेच, तरी त्याने प्रुसिक लावावी. लांब केस बांधलेले, ओढणी-मफलर सॅकमध्ये, टीशर्ट खोचलेला. डिसेंडरमध्ये कापड अडकलं की माणूस मधेच लोंबकळतो आणि सोडवायला अर्धा तास जातो.

दोर अडकण्याची कारणं दोन. टोकाच्या गाठी सोडायला विसरणं हे पहिलं. इंग्रजी 8 च्या आकाराच्या एट डिसेंडरने दोराला पीळ पडतो आणि दोन्ही पदर एकमेकांत गुंततात हे दुसरं. म्हणून शेवटचा माणूस उतरण्याआधी खालच्याने अर्धा मीटर ओढून बघायचं. सरकला तरच त्याने यायचं. गाठी सोडायच्या त्या शेवटचा खाली टेकल्यावर, आणि कुणी सोडल्या ते मोठ्याने बोलायचं.

मुळाकाठ

पाण्याचं सांगतो. दरीत शिरल्यावर पहिलं पाणी लगेच लागतं, गुडघा ते मांडी. दुसरं कमरेपर्यंत, बुटक्या माणसाला छातीलाही. त्या वर्षी पाऊस किती झाला यावर खाली-वर होतं. तळाशी ऊन पोचत नाही म्हणून पाणी बर्फासारखं गार. बूट काढून अनवाणी जाऊ नका, तळाचे धोंडे शेवाळलेले असतात आणि पायाचा अंदाज येत नाही. मोजे तेवढे काढा, बुटांसकट उतरा, पलीकडे बूट उपडे करून कोरडे मोजे घाला. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तोंडाला पीळ देऊन बांधा. बाहेरून घातलेलं रेनकव्हर पाण्यात बुडवल्यावर काही कामाचं नाही. दोन उंच माणसांनी मध्ये उभं राहून सॅक डोक्यावरून पुढे सरकवायच्या.

भिंतींवर मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. माकडं कड्यावरून दगड लोटतात, हेल्मेट फक्त दोरापुरतं नाही. रतनगडाच्या बाजूला ढग भरलेले असतील तर अवकाळी पावसाची शक्यता धरून दरीत शिरूच नका. जागोजागी दहा-पंधरा फूट रुंदी आणि दोन्हीकडे सरळ भिंत, चढून जायला जागाच नाही. (आशियातली दुसरी सर्वांत खोल दरी वगैरे जे फिरत असतं ते सोडून द्या. त्याशिवायही ती भारी आहे.)

जलाशयाच्या काठाबद्दल. धरण पावसाळ्यात भरतं आणि नंतर प्रवरेला आवर्तनं सुटत गेली की पाणी मागे सरकतं. उघडा पडलेला गाळ वरून तडकलेला, कोरडा दिसतो. आत ओला असतो, पाय घोट्याच्या वर रुततो. तंबू गाळाच्या पट्ट्यात नको, गवत-मुरुमाच्या जागेवर लावा. रात्री दव इतकं पडतं की सकाळी बाहेरचं कापड निथळतं, ते सुकायची वाट बघत बसाल तर वरचं साडेसहाचं गणित कोसळेल. ओलंच भरा. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. तुम्ही पायी येणार म्हणून नाक्यावरून जाणार नाही, तरी साम्रदमध्ये चौकशी करून पावती आणि मुक्कामाची परवानगी घ्या. शेकोटी नको.

चोंढ्याला डुबकी अजिबात नाही. ते घाटघर उदंचन प्रकल्पाचं खालचं धरण आहे. 250 मेगावॅटचा प्रकल्प, वरचं पाणी जनित्रांतून खाली येतं आणि विजेची मागणी कमी झाली की तेच पंपाने वर जातं. पातळी ऋतूप्रमाणे नाही, दिवसाच्या तासांप्रमाणे बदलते. भंडारदऱ्याच्या काठाचा अंदाज तिथे लावू नका.

पायवाट_ठाणे

सर्वांचे आभार. डुबकी रद्द. 40 मीटरचा दोर भाड्याने बघतो, तिघांना आधी एका लहान कातळावर सराव देतो. एकच विचारायचं राहिलं, भाड्याचा दोर घेताना काय तपासायचं?

दोरखंड

पूर्ण दोर हातातून सरकवा, दर हातभर वाकवून बघा. मऊ पडलेली, चपटी झालेली किंवा कडक लागणारी जागा म्हणजे आतला गाभा गेला. आवरणातून पांढरा गाभा दिसला तर तो दोर परत करा. दोर कधीचा आहे ते विचारा आणि मीटर स्वतः मोजा. टोक कापून आखूड केलेले दोर 40 च्या नावावर सर्रास मिळतात. मध्यावर शाईची खूण नसेल तर घरीच दोन्ही टोकं जुळवून चिकटपट्टी लावा.