शब्दचर्चा : ‘देहबोली’ आणि तिच्याआड गेलेले शब्द

‘देहबोली’ हा ‘हावभाव’ या शब्दाचाच नवा अवतार आहे का, असा प्रश्न या चर्चेत विचारला गेला आहे. माझ्या मते हे शब्द समानार्थी नाहीत. शरीरातून जे प्रकट झाले ते माणसाने जाणूनबुजून दाखवले की त्याच्या नकळत दिसून आले, हा भेद मराठी शब्दांनी फार बारकाईने सांभाळलेला आहे आणि ‘देहबोली’ सरसकट वापरली की तो पुसला जातो.

‘बॉडी लँग्वेज’वरून घडवलेला हा शब्द सुटसुटीत आहे, कानाला गोड लागतो आणि आता तो चांगला रुळलाही आहे. अडचण आहे ती त्यातल्या ‘बोली’ची. बोली म्हटली की बोलणारा आला, ऐकणारा आला आणि प्रत्येक शब्दाला ठरलेला अर्थही आला. मग शरीराच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ एखाद्या तक्त्यात पाहून सांगता येईल, असे वाटू लागते.

काही वर्षांपूर्वी नाशिकमधील एका संस्थेत लिपिकाच्या जागेसाठी मुलाखती होत्या आणि मी त्या समितीत होतो. गुणपत्रकात ‘देहबोली’ असा स्वतंत्र रकाना होता. डिसेंबरची सकाळ होती. निफाडकडे त्या दिवसांत पारा अनेकदा एक अंकी आकड्यावर उतरतो, आणि त्याच बाजूने एक मुलगी पहाटेच्या एसटीने आली होती. मुलाखतीला शाल पांघरून बसणे बरे दिसणार नाही असे वाटल्यामुळे तिने ती घडी करून मांडीवर ठेवली होती, आणि दोन्ही पंजे काखेत दाबून, हाताची घडी घालून ती बसली होती. तिची उत्तरे नेमकी होती. माझ्या शेजारच्या सदस्यांनी मात्र त्या रकान्यात 10 पैकी 3 गुण दिले आणि पुढे ‘बचावात्मक’ असा शेरा लिहिला. मी हरकत घेतली, पण आकडा बदलला नाही. ते अजूनही माझ्या मनातून जात नाही. ज्या भाषेत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे वर्गात लक्ष देऊन बसण्याचे पहिले वळण आहे, त्या भाषेत वाढलेल्या मुलीची हाताची घडी बचावाची ठरवण्याआधी खोलीतली खिडकी तरी बंद करायला हवी होती.

आता जुन्या शब्दांकडे वळू. हेतू सर्वांत स्पष्ट असतो तो ‘खूण’ या शब्दात. खूण केली जाते, ती कोणासाठी तरी असते आणि तिचा अर्थ दोघांनाही आधी ठाऊक असतो. डोळ्यांनी केलेल्या खुणांना ‘नेत्रपल्लवी’ आणि हाताबोटांच्या खुणांना ‘करपल्लवी’ असे स्वतंत्र शब्द मराठीत आहेत. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून बैलाची किंमत ठरवण्याची जी रीत आहे, ती करपल्लवीच होय. बोटे पेर धरून मोजली जातात आणि वर दोघांच्याही चेहऱ्यावर काही उमटू दिले जात नाही. ‘बोली’ हा शब्द खरा शोभतो तो इथे. ‘हातवारे’ मात्र बोलण्याच्या सोबतीने होतात, आणि त्या शब्दात थोडी नापसंतीची छटा असते.

‘हावभाव’ या जोडशब्दातील ‘हाव’चा लोभाशी काही संबंध नाही. संस्कृत नाट्यविचारात भाव, हाव आणि हेला हे नायिकेचे तीन अंगज, म्हणजे शरीरातून प्रकटणारे, अलंकार मानलेले आहेत. मनात प्रीतीचा विकार जागा झाला की तो भाव, आणि तो डोळ्यांत, भुवयांत दिसू लागला की हाव. शृंगारापुरता असलेला हा शब्द मराठीत कीर्तनकारापासून भांडणाऱ्या शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना लागू झाला. तरीही ‘मृत माणसाच्या चेहऱ्यावरचे हावभाव’ असे कोणी म्हणत नाही, कारण हावभावाला जिवंत हालचाल लागते.

‘आविर्भाव’ या शब्दाची वाट वेगळी. संस्कृतात त्याचा अर्थ केवळ प्रकट होणे असा आहे. मराठीत ‘सगळे आपल्यालाच कळते अशा आविर्भावात तो बोलत होता’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात मुद्दाम धारण केलेला पवित्रा येतो. (‘अविर्भाव’ असे ऱ्हस्व ‘अ’ने लिहिलेले वारंवार दिसते, ते चूक आहे.)

आणि जे लपवू म्हटले तरी लपत नाही, त्यासाठी ‘चर्या’ आहे. लासलगावच्या कांदा लिलावात ट्रॉलीवर उभा असलेला शेतकरी पाहावा. व्यापारी दोन-चार कांदे उचलतो, अंगठ्याने वरची पत्ती (सुकी साल) चोळतो, बोली सुरू होते. शेतकरी तोंडाने काहीच बोलत नाही, पण क्विंटलचा आकडा अडला की त्याची चर्या उतरते. हे त्याने कोणाला सांगितलेले नसते. भरताच्या नाट्यशास्त्रात स्तंभ (खिळून जाणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद, वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उडणे), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणे) हे 8 सात्त्विक भाव आंगिक, म्हणजे अवयवांच्या हालचालींनी केलेल्या, अभिनयापासून वेगळे ठेवले आहेत, ते याच जाणिवेने: हात उचलता येतो, पण मन खरोखर तेथे गेल्याशिवाय अंगावर काटा उभा राहत नाही.

तेव्हा ‘देहबोली’ टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. उभे राहणे, चालणे, नजर, अंतर या सगळ्यांचा एकत्रित उल्लेख करायचा असेल, जसे की ‘पहिल्या षटकानंतर गोलंदाजाची देहबोली बदलली’, तर तोच शब्द योग्य आहे. एका माणसाच्या एका कृतीबद्दल लिहिताना मात्र नेमका शब्द शोधावा.

त्या गुणपत्रकावर मला लिहायचे असते, तर ‘ती अंग चोरून बसली होती’ एवढेच लिहिले असते. ‘कामात अंग चोरणे’ यात आळसाचा ठपका आहे. ‘अंग चोरून बसणे’ यात तो नाही, तिथे थंडीलाही जागा आहे आणि संकोचालाही.