प्राग ते व्हिएन्ना, मधली गावं: मुक्काम करायचा की दिवसात उरकायचं?

मिरजेची_मैना

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज.

मी आणि नवरा मे महिन्यात युरोपला जायचं म्हणतोय. दोघांच्याही ऑफिसमधून सुट्टी जेमतेम मिळतेय, दोन आठवड्यांच्या आतच परत यायला लागेल. सासरी-माहेरी दोन्हीकडे एकच टेप चालू आहे की टूरबरोबर जा, सात देश होतात, जेवायला वरण-भात मिळतो, बॅगा उचलायला लागत नाहीत. आम्हाला सात देश नकोयत हो. नवऱ्याला रेल्वेचं वेड आणि मला जुनी गावं, छोटे रस्ते, चौकात बसून कॉफी असलं काहीतरी पाहिजे. म्हणून असं ठरवलंय: प्राग, मग चेस्की क्रुमलोव (ही दोन्ही चेकमधली), मग ऑस्ट्रियातलं हालश्टाट, साल्झबुर्ग आणि शेवटी व्हिएन्ना. प्रागला उतरायचं आणि व्हिएन्नाहून परत, म्हणजे उलटं यायला नको.

प्रश्न असा की क्रुमलोव आणि हालश्टाट ही दोन्ही गावं बरेच लोक शहरातून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊन करतात. तसं करावं की बॅगा घेऊन तिथे राहावं? रोज सामान बांधायचा मला भयंकर कंटाळा आहे. आणि व्हिसा चेकचा काढायचा की ऑस्ट्रियाचा? मी शाकाहारी (अंडं चालतं), नवरा बीफ सोडून सगळं खातो.

भटकी_चप्पल

मैनाताई, क्रुमलोवला राहाच. प्रागहून बसने तीन तास जायला आणि तीन यायला, म्हणजे तुम्ही पोचणार अकरा-बाराला आणि निघणार चार-पाचला, आणि बाकीच्या सगळ्या बसेसमधली माणसंही त्याच वेळात तिथे असणार. त्या पुलावरून धड चालताही येत नाही. सहा वाजले की सगळं गाव रिकामं. व्हल्टावा नदीने गावाला असा वळसा घातलाय की कुठूनही चालायला लागलं तरी फिरून नदीवरच येतो, आणि हे रात्री दिवे लागल्यावर फिरण्यात जी मजा आहे ती दुपारी नाही.

किल्ल्याची आवारं बघायला पैसे नाहीत, पैसे पडतात ते आतल्या टूरला आणि टॉवरला. १६२ पायऱ्या आहेत, दमलात तरी चढा. किल्ल्याच्या खंदकात खरी अस्वलं पाळलेली आहेत, आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं त्यामुळे बायको एकदम किंचाळलीच.

एक जरा वेगळं सांगतो. १९४५ पर्यंत हे बहुतांश जर्मन बोलणारं गाव होतं. युद्धानंतर त्या लोकांना हाकलून दिलं आणि घरं ओस पडली, पुढे कितीतरी वर्षं डागडुजीसुद्धा झाली नाही. १९९२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. एगॉन शीले हा चित्रकार, त्याची आई इथली, तो १९११ मध्ये इथे येऊन राहिला होता आणि त्याची चित्रं आणि त्याचं राहणं गावाला न पटल्याने त्याला निघावं लागलं. आता त्याच्याच नावाचं आर्ट सेंटर तिथे आहे! व्हिएन्नात लेओपोल्ड म्युझियममध्ये त्याची चित्रं बघाल तेव्हा त्यात क्रुमलोवची घरं ओळखू येतील, म्हणून तुमचा क्रम बरोबर आहे, आधी गाव मग म्युझियम.

बॅग चाकांची असेल तर छोटी घ्या. दगडी रस्ते आहेत, मोठी बॅग ओढताना अख्खं गाव खिडकीत येतं.

खमंग_फोडणी

वाखूसा (वाचनखूण साठवली). आम्हीपण पुढच्या वर्षी. पण सासूबाईंचं वरण-भाताचं म्हणणं अगदीच काही चूक नाहीये हां, चौथ्या दिवशी आठवण येतेच!

डॅन्यूबकाठी

व्हिएन्नात राहतो, त्यामुळे दर उन्हाळ्यात पाहुणे असतात आणि दर वेळी हालश्टाटचा विषय निघतोच. माझं मत जरा कडू आहे. वस्ती आठशेच्याही आत आणि सीझनमध्ये रोज हजारो माणसं. २०२३ मध्ये तर लोकांनी सेल्फी काढू नयेत म्हणून त्या प्रसिद्ध जागेवर लाकडी कुंपण घातलं होतं, मग बोभाटा झाल्यावर काढलं, आणि त्याच वर्षी गावकऱ्यांनी निदर्शनंही केली. अशा गावात दुपारी बारा ते तीन उभं राहून फोटो काढायचे असतील तर जाऊच नका असं मी पाहुण्यांना सांगतो. राहणार असाल तर मात्र जा, आणि हॉटेल महाग वाटलं तर तळ्याच्या पलीकडच्या टोकाला ओबरट्राउनला राहा, रेल्वेचं पुढचंच स्टेशन आहे.

नवऱ्याला रेल्वे आवडते म्हणालात ना, हालश्टाटचं स्टेशन तळ्याच्या या काठाला आणि गाव त्या काठाला आहे. गाडीतून उतरलं की समोर बोट उभी असते, गाडीच्या वेळेला धरूनच सुटते. पण ही बोट संध्याकाळी लवकर बंद होते, तेव्हा उशिराच्या गाडीने जाऊ नका. गावात गेलात की चर्चमागचं हाडांचं घर बघा. डोंगर आणि पाण्याच्या मधे जागाच नाही, त्यामुळे दफनभूमी पुरायची नाही, मग काही वर्षांनी जुनी हाडं काढून कवट्या इथे मांडायचे, त्यावर फुलं-पानं रंगवून आणि नाव लिहून. बऱ्याच जणांना बघवत नाही, मला तरी गावातली सगळ्यात खरी जागा तीच वाटते.

साल्झबुर्गला जाताना मधे बाड इश्ल लागेल, वेळ असेल तर उतरा. सम्राट फ्रान्झ योझेफचा उन्हाळ्यातला बंगला तिथे आहे, १८५३ मध्ये सिसीशी (पुढे सम्राज्ञी झालेली एलिझाबेथ) त्याचं लग्न ठरलं ते याच गावात आणि १९१४ मध्ये सर्बियाविरुद्धच्या युद्धाच्या जाहीरनाम्यावर त्याने सही केली तीही इथेच.

आता कोरडी माहिती. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाचा व्हिसा. दोन्हीकडे सारख्याच रात्री असतील तर ज्या देशात आधी शिरताय त्याचा. तुमच्या प्लॅनमध्ये ऑस्ट्रियाच्याच जास्त दिसतायत, म्हणजे ऑस्ट्रिया. फी मोठ्यांना ९० युरो, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा मे म्हणजे मार्चपर्यंत थांबू नका. ऑस्ट्रियन रेल्वेची स्वस्त तिकिटं त्या ठरावीक गाडीलाच चालतात, चुकली तर गेली. साल्झबुर्ग-व्हिएन्ना मार्गावर खाजगी कंपनीच्याही गाड्या आहेत, एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही, प्लॅटफॉर्मवर बघून चढा.

रविवारी इथे दुकानं बंद. दूध-ब्रेड हवा असेल तर मोठ्या स्टेशनातलं सुपरमार्केट. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, शहराला पाणी आल्प्समधून येतं, पहिली पाइपलाइन १८७३ची आणि दुसरी १९१०ची, नळाचंच प्या. आणि ऑपेराला उभ्याची तिकिटं असतात, बसायच्या मानाने अगदीच स्वस्त, कळत नसलं तरी एकदा जा.

शाकाहारी_शेरलॉक

जेवणाचं मी सांगते. प्रागमध्ये ‘स्माझेनी सिर’ मागा, ब्रेडक्रम्ब लावून तळलेलं चीज असतं, पोट भरतं. ऑस्ट्रियात केझेश्पेट्झले (चीज घातलेल्या छोट्या नूडल्स), कायझरश्मार्न (तुकडे केलेला गोड पॅनकेक), जर्दाळू घातलेले क्नोडेल (उकडलेले गोळे), एवढ्यावर आरामात निघतं. पण सूप! मेनूत नुसतं पॅनकेकच्या पट्ट्या घातलेलं सूप असं लिहिलेलं असतं आणि ते पाणी बीफचं असतं. तुमच्या नवऱ्यालाही उपयोगी पडेल हे. विचारून घ्या.

घरून नेताना पेढे, तूप, चक्का काही नेऊ नका, दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात प्रवाशांना न्यायला बंदी आहे. आंबेही नकोत, फळांना सर्टिफिकेट लागतं. मेतकूट, चिवडा, भाकरवडी बिनधास्त. प्रागमध्ये चलन कोरुना आहे, युरो घेतात पण रेट वाईट देतात. कार्डमशीनने रुपयात कापू का विचारलं तर नाही म्हणा, कोरुनाच.

आडवळणी

सगळ्यांनी त्याच दोन गावांबद्दल लिहिलंय म्हणून जरा वेगळं. क्रुमलोव काय आणि हालश्टाट काय, तिथे दर दुसऱ्या घरात हॉटेल नाहीतर मॅग्नेटचं दुकान. ताईंना चौकात बसून कॉफी पाहिजे, तर ती दुकानांच्या रांगेत बसून पिणार का? माझं म्हणणं, हालश्टाट काढा आणि त्या रात्री वाखाउला, म्हणजे डॅन्यूबच्या खोऱ्यातल्या मळ्यांच्या भागाला द्या. व्हिएन्नाहून मेल्क रेल्वेने तासाभरात, तिथला मोठा मठ बघा, मग डॅन्यूबवरून बोटीने क्रेम्सच्या बाजूला उतरत या. मधे श्पिट्झ, वाइसेनकिर्खेन अशी द्राक्षांच्या मळ्यांतली गावं लागतात जिथे माणसं शेती करून राहतायत. सायकल भाड्याने मिळते, रस्ता नदीकाठचा आणि बराचसा सपाट.

त्यातल्याच ड्युर्नश्टाइन गावात मात्र दुपारी बोटींची गर्दी असते, ते संध्याकाळी करा. वर पडका किल्ला आहे, इंग्लंडच्या रिचर्ड राजाला ११९२ मध्ये पकडून इथे ठेवलं होतं. आणि दाराबाहेर झाडाची डहाळी लटकवलेली दिसली की आत शिरायचं, मळेवाला स्वतःची वाइन आणि थंड खाणं विकतो. १७८४ मध्ये सम्राट योझेफ दुसऱ्याने दिलेली परवानगी आहे ती. शाकाहारी माणसाला ब्रेड-चीज मिळतंच.

डॅन्यूबकाठी

@आडवळणी, वाखाउबद्दल शंभर टक्के सहमत. पण हालश्टाट पूर्ण काढायला सांगू नका, पहिल्यांदा येणाऱ्याला ते तळं बघायचंच असतं आणि सकाळी सातला ते खरंच सुंदर असतं.

मिरजेची_मैना

बापरे, किती छान लिहिलंय सगळ्यांनी, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. आता असं चाललंय की क्रुमलोव मुक्काम नक्की, ओबरट्राउन मुक्काम, साल्झबुर्ग कमी करून एकच रात्र आणि व्हिएन्नातल्या दिवसांपैकी दोन वाखाउला. प्राग थोडं कापलं जातंय त्याचं वाईट वाटतंय. एकच शंका, क्रुमलोवहून हालश्टाटला रेल्वेने जायचं म्हणजे कितीतरी ठिकाणी गाडी बदलायला लागतेय, असंच आहे का?

भटकी_चप्पल

हो, असंच आहे. चेस्के बुड्येयोवित्से, लिंझ, आट्नांग-पुखहाइम असं बदलत जायचं, अर्धा दिवस जातो. नाहीतर क्रुमलोवहून थेट हालश्टाटला शटल व्हॅन मिळतात, हॉटेलपासून नेतात, दोघांना मिळून रेल्वेपेक्षा महाग पडेल पण वेळ वाचतो. नवऱ्याला विचारा, रेल्वेचं वेड कितपत आहे ते!

मिरजेची_मैना

विचारलं. रेल्वेनेच जायचंय म्हणतो, आणि बॅगा तोच उचलणार आहे म्हणे. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.